आईचे आडनाव

भाड्याची खोली शोधत होतो तेव्हा एका हितचिंतकाने मला सल्ला दिला, ‘सर, आडनाव सांगू नका. तुम्ही दिसता आमच्यातलेच.’ मी घराण्यातला पहिला पदवीधर, कॉलेजात शिकवणारा. तरी माझ्या आडनावाला दार उघडत नव्हते. पुढे जॉन मर्सर लँग्स्टन यांचे चरित्र वाचताना हाच सल्ला मला पुन्हा भेटला.

लँग्स्टन यांचा जन्म १८२९ सालचा, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातला. बाप राल्फ क्वार्ल्स गोरा मळेवाला, गुलामांचा धनी. आई ल्यूसी जेन लँग्स्टन त्याचीच गुलाम होती. १८०६ मध्ये त्याने तिला मुक्त केले. दोघांच्या लग्नाला कायद्याची बंदी, म्हणून मुलांनी आईचे आडनाव लावले. १८३४ मध्ये आईबाप दोघेही वारले. बापाने मुलांच्या नावे संपत्ती ठेवली होती. तिच्या आधाराने जॉन ओबर्लिन कॉलेजातून १८४९ मध्ये पदवीधर झाले. गुलामांच्या बहुसंख्य लेकरांना असा आधार नव्हता, हे विसरून चालणार नाही.

त्यांना वकील व्हायचे होते. न्यूयॉर्क राज्यातल्या एका कायदा-विद्यालयाच्या चालकाने तोड सुचवली: फ्रेंच किंवा स्पॅनिश म्हणून या. लँग्स्टन यांनी ती धुडकावली. मग ते एका वकिलाच्या हाताखाली कायदा शिकले. १८५४ मध्ये ओहायोत सनद मिळाली. पण ती देताना त्यांना काळ्यापेक्षा गोऱ्याच्या जवळचे ठरवण्यात आले. त्यांनी खोटे बोलायचे नाकारले, तर कायदाच त्यांच्या वतीने खोटे बोलला!

त्याच वर्षी त्यांनी कॅरोलाइन वॉलशी लग्न केले. तिचीही जन्मकथा तीच: बाप गोरा मळेवाला, आई गुलाम. थोरला भाऊ चार्ल्स एका पळालेल्या गुलामाला सोडवल्याबद्दल १८५९ मध्ये तुरुंगात गेला. जॉन मात्र कायद्याच्या वाटेने झगडत राहिले. ज्यांना कायदा-विद्यालयाने दार लावले, तेच १८६९ मध्ये सुरू झालेल्या हॉवर्ड विद्यापीठाच्या कायदा विभागाचे पहिले प्रमुख झाले. १८७३ मध्ये जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलाममुक्तीच्या कैवाऱ्यांना अर्पण केली, तेव्हा तिथे मुक्तीनंतरची ही लढाई चालू होती.

१८८८ मध्ये लँग्स्टन यांनी व्हर्जिनियातून संसदेची निवडणूक लढवली. प्रतिस्पर्ध्याला विजयी घोषित करण्यात आले. दाद मागून सप्टेंबर १८९० मध्ये त्यांनी जागा मिळवली, तोवर मुदत संपत आली होती; मार्च १८९१ ला ती संपली. व्हर्जिनियातून पुढचा कृष्णवर्णीय प्रतिनिधी संसदेत बसायला १९९३ साल उजाडले.

१८९७ मध्ये ते वारले. चार्ल्सच्या मुलीने पुढे आपल्या मुलाच्या नावात हे आडनाव गुंफले. तो कवी लँग्स्टन ह्यूज. एका गुलाम बाईचे आडनाव असे जगभर गेले.

वर्गात मी हजेरी घेतो तेव्हा काही मुले फक्त स्वतःचे नाव सांगतात आणि खाली बसतात. का, ते मी विचारत नाही. त्या तासाला मी ल्यूसी लँग्स्टनची गोष्ट सांगतो.