फिर्याद आणि फर्मान

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, डोंगराळ भागातील वीव्हरव्हिल या गावाजवळ, अर्ध्या मैलाचा एक मोटारशर्यतीचा मार्ग होता. आणि त्या मार्गावर 13 ऑगस्ट 1961 रोजी, पाचशे फेऱ्यांची शर्यत पाहण्यासाठी पैसे मोजून आलेल्या लोकांनी, डांबर उखडून खडी उडू लागल्यामुळे 258व्या फेरीअखेर शर्यत आटोपल्याचे जाहीर होताच, जे केले त्याला क्रीडाविश्वात फारशी उपमा सापडणार नाही. निम्मे अंतर कापून झाले असल्याने शर्यत कायदेशीर ठरली, ज्युनियर जॉन्सन विजयी म्हणून घोषित झाले, आणि अधिकाऱ्यांच्या लेखी दफ्तर बंद झाले. प्रेक्षकांच्या लेखी मात्र निम्मा माल देऊन पूर्ण दाम वसूल झाला होता. त्यांनी बाहेर पडण्याच्या वाटेवर एक मालमोटार आडवी घातली आणि चालक, कारागीर व अधिकारी या सर्वांना मैदानाच्या मध्यभागी कित्येक तास अडकवून ठेवले. पोलिसांचे काही चालेना. अखेरीस पॉप एर्गल नावाच्या एका धिप्पाड कारागिराला कोणीतरी लाकडी फळीने डिवचले. त्याने तीच फळी हिसकावून डिवचणाऱ्याच्या डोक्यात घातली, आणि म्हणतात की त्यानंतर जमावाचा आवेश ओसरू लागला. पैसे परत मिळाले नाहीत ते नाहीतच.

या प्रसंगाकडे केवळ दंगल म्हणून पाहणे मला पटत नाही. ती एक फिर्याद होती, आणि ती अशा रीतीने मांडली गेली याचे कारण ती दाखल करून घेणारी कचेरीच कोठे नव्हती. ती शर्यत स्टॉक कारची होती. स्टॉक कार म्हणजे दुकानातून विकत मिळते तशी, निदान दिसायला तरी तशी, मोटार. हातभट्टीची दारू रात्री पोलिसांना चुकवून वाहून नेणाऱ्या तरुणांनी दक्षिणेकडील खेड्यापाड्यांत रुजवलेला हा खेळ. त्याला शिस्त लावण्यासाठी बिल फ्रान्स या उंचापुऱ्या, मूळच्या मेकॅनिक असलेल्या गृहस्थांनी डिसेंबर 1947 मध्ये डेटोना बीचच्या एका हॉटेलात मंडळी जमवली आणि दोन महिन्यांनी नॅसकार ही संस्था नोंदवली. तिच्या नावात संघ आहे, पण वस्तुस्थितीत ती एका घराण्याची मिळकत झाली, आणि वतन बापाकडून लेकाकडे जावे तशी 1972 मध्ये ती फ्रान्स यांच्या मुलाकडे गेली. नियम करणारे तेच, निवाडा देणारे तेच, आणि पुढे डेटोना व टॅलाडेगा यांसारख्या प्रमुख मैदानांचे मालकही त्याच घराण्यातले. वतनदारीची कागदपत्रे चाळलेल्या मराठी वाचकाला ही रचना परकी वाटू नये.

न्याय्यतेसाठी हेही सांगितले पाहिजे की या दरबाराचा आरंभ अगदीच अन्यायाने झाला नव्हता. 19 जून 1949 रोजी शार्लट येथे झालेल्या, नॅसकारच्या ‘स्ट्रिक्टली स्टॉक’ गटातील पहिल्याच शर्यतीत ग्लेन डनवे सर्वांच्या आधी पोहोचले, परंतु तपासणीत त्यांच्या फोर्ड गाडीच्या मागच्या स्प्रिंगांमध्ये दारू वाहणाऱ्यांच्या पद्धतीचा फेरफार आढळला, आणि विजय जिम रोपर यांना देण्यात आला. गाडीच्या मालकाने दहा हजार डॉलरचा दावा लावला तो न्यायालयाने फेटाळला. फ्रान्स यांना यातून जणू सनदच मिळाली: मैदानावरचा शेवटचा शब्द यापुढे त्यांचा.

तो शब्द त्यांनी पुढे किती कठोरपणे वापरला, हे वीव्हरव्हिलच्याच वर्षी दिसले. कर्टिस टर्नर आणि टिम फ्लॉक यांनी चालकांची कामगार संघटना उभारण्याचा घाट घालताच दोघांना आजन्म बंदी झाली. आजन्म म्हणजे चार वर्षे. 1965 मध्ये क्रायस्लर कंपनीने इंजिनाच्या नियमावरून बहिष्कार टाकला, रिचर्ड पेटी यांच्यासारखा लाडका चालक मैदानाबाहेर राहिला, बाके रिकामी पडू लागली, तेव्हा टर्नर यांचा गुन्हा एकाएकी माफीयोग्य ठरला. ओरडून, मोटार आडवी घालून जे साधले नव्हते, ते न आलेल्या माणसांनी साधले.

1969 च्या सप्टेंबरात टॅलाडेगाचे नवे मैदान उघडले. 2.66 मैलांचा मार्ग, 33 अंशांची कललेली वळणे, आणि तो वेग न सोसून फाटणारे टायर. पेटी यांच्या नेतृत्वाखालील चालकांनी शर्यत पुढे ढकलण्याची विनंती केली. ती नाकारली गेल्यावर बहुतेक नामांकित मंडळी आदल्या दिवशी गाड्या भरून घरी गेली. फ्रान्स यांनी दुय्यम दर्जाच्या गाड्या मिसळून शर्यत घडवलीच, आणि आलेल्या प्रेक्षकांना सांगितले की याच तिकिटावर पुढची एखादी शर्यत पाहता येईल. वीव्हरव्हिलच्या जमावाला जे मिळाले नाही ते येथे न मागता मिळाले, हे फ्रान्स यांच्या धूर्तपणाचे लक्षण समजावे की शहाणपणाचे, याचा निर्णय मला करवत नाही.

फ्रान्स यांच्या नातवाच्या कारकीर्दीत, 2004 साली, अजिंक्यपद ठरवण्याची रीतच पालटली. आदल्या वर्षी मॅट केन्सेथ केवळ एक शर्यत जिंकून अजिंक्य ठरले होते आणि आठ जिंकणारे रायन न्यूमन मागे राहिले होते. तेव्हा हंगामातील अखेरच्या दहा शर्यतींचे स्वतंत्र प्रकरण काढण्यात आले. पुढे त्यात इतक्या दुरुस्त्या झाल्या की जुन्या प्रेक्षकाला गुणांचा हिशेब लावायला कारकून ठेवावा लागेल. 2004 च्याच एप्रिलमध्ये टॅलाडेगाची शर्यत पिवळ्या बावट्याखाली, म्हणजे कोणी कोणाला मागे टाकू शकत नाही अशा अवस्थेत संपली आणि जेफ गॉर्डन जिंकले, तेव्हा लोकांनी बिअरचे डबे मैदानात भिरकावले. निकाली कुस्तीचे पैसे घेऊन पंचाने जोड सोडवली तर आपल्याकडचा आखाडाही गप्प बसत नाही. जुलैत नियम बदलला आणि हिरव्या बावट्याखाली शेवट करण्यासाठी जादा फेऱ्यांची तरतूद झाली.

सर्वांत खोल घाव मात्र नियमांचा नव्हता. नॉर्थ विल्क्सबरोचे मैदान, ज्युनियर जॉन्सन यांच्या विल्क्स परगण्यातले, नॅसकारहूनही किंचित जुने. 1996 च्या सप्टेंबरात तेथे अखेरची शर्यत झाली आणि मैदानाच्या वर्षातील दोन्ही शर्यतींच्या तारखा त्याच्या नव्या मालकांनी न्यू हॅम्पशायर व टेक्सास येथे नेल्या. मोठी शहरे, मोठी मैदाने, मोठे उत्पन्न. विल्क्सच्या बाकांत गवत वाढले. तेथे काही दंगल झाली नाही. दंगल करायला शर्यत तरी हवी.

पुढे सरकारी तिजोरीतून पैसा मिळाला, डागडुजी झाली, आणि मे 2023 मध्ये, सत्तावीस वर्षांनी, मोठ्या गाड्या तेथे परतल्या. मार्गावरचे डांबर 1981 मधलेच ठेवले होते, झिजलेले, भेगाळलेले, टायर खाणारे. त्यावर गाड्या घसरू लागल्या तशी खचाखच भरलेल्या बाकांवरची माणसे उभी राहून ओरडत होती, आणि या खेपेस कोणी वाट अडवण्यासाठी मालमोटार शोधत नव्हते.