बाळाचा घास आणि दाण्याची भीती

‘वावडे’ हा आपल्या घरांतला जुना शब्द. कोणाला वांग्याचे वावडे, कोणाला कोळंबीचे. खाल्ले की अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, घसा खाजतो. तेव्हा ज्याने त्याने आपले वावडे ओळखावे आणि तो पदार्थ पानात वाढून घेऊ नये, एवढी समज आपल्या आज्या-मावश्यांना होती. आज दवाखान्यात त्यालाच ‘ॲलर्जी’ म्हणतात. अलीकडे मंडळाच्या दुपारच्या बैठकीत, ज्यांच्या लेकी-सुना अमेरिकेत किंवा इंग्लंडात आहेत, अशा भगिनींकडून एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. थोरल्या लेकीच्या बाळाच्या वेळी तिकडच्या डॉक्टरांनी बजावले होते की तीन वर्षे शेंगदाणा दाखवूसुद्धा नका. धाकटीच्या बाळाच्या वेळी तिकडचेच डॉक्टर म्हणतात की सहा महिन्यांच्या सुमारास दाणा अवश्य द्या. मग आम्ही बायकांनी खरे काय मानायचे?

धाकटीला मिळालेला सल्ला खरा, हे आरंभीच सांगून टाकते. परंतु पहिला सल्ला कसा निघाला आणि तो कोणी, कशाच्या बळावर फिरवला, ही हकिगत त्या उत्तराहून मोलाची आहे. म्हणून स्मरणिकेची ही चार पाने मी तिच्यासाठी मागून घेतली.

हकिगतीचा प्रारंभ समुद्रावर होतो. १९०१ साली शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ मोनॅकोच्या राजाच्या जहाजावरून सफरीला गेले होते. समुद्रातील काही प्राण्यांच्या विषाचा अभ्यास त्यांनी तेथे आरंभला आणि घरी परतल्यावर समुद्रफुलाचे विष घेऊन तो कुत्र्यांवर पुढे चालविला. विष थोडे थोडे टोचले तर लशीप्रमाणे कुत्र्याला त्याची सवय होईल, अशी त्यांची अपेक्षा होती. घडले ते उलटे. काही आठवड्यांनी दुसऱ्यांदा अगदी अल्प मात्रा टोचताच कुत्रे काही मिनिटांत कोसळले. १९०२ साली त्यांनी हा शोध जाहीर केला आणि १९१३ साली रिशे यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. मध्यंतरी १९०६ साली व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी ‘ॲलर्जी’ हा शब्द घडवला.

त्याच सुमारास, १९११ साली, अमेरिकेत वेल्स आणि ऑस्बोर्न यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. गिनीपिगच्या आहारात एखादे धान्य आधीपासून असेल, तर त्याच धान्यातील प्रथिन पुढे टोचूनही तो प्राणी सहसा कोसळत नाही. म्हणजे सुईने शरीरात शिरलेला पदार्थ शरीर शत्रू मानू शकते, पण तोंडावाटे पोटात गेलेल्या पदार्थाशी ते ओळख करून घेते. ही नोंद ग्रंथांत राहिली. बाळाच्या ताटापर्यंत पोहोचायला तिला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

विसाव्या शतकाच्या शेवटी पाश्चात्य देशांत मुलांमधील अन्नाची वावडी वाढू लागली. त्यांत शेंगदाण्याचे वावडे विशेष भयंकर. एवढासा दाणा चुकून पोटात गेला तरी काही मुलांचा श्वास कोंडतो, रक्तदाब उतरतो आणि प्राणावर बेतते. अशा मुलांची आई डब्यात काय आहे, वाढदिवसाच्या केकमध्ये काय आहे, या धास्तीतच दिवस काढते. काहीतरी सांगणे डॉक्टरांना भाग होते. १९९८ साली इंग्लंडच्या सरकारने सल्ला दिला की ज्या घरांत दमा, इसब किंवा वावडी आहेत, तेथील आईने गरोदरपणी व अंगावर पाजताना शेंगदाणा टाळणे इष्ट, आणि मुलाला तीन वर्षांपर्यंत तो देऊ नये. २००० साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने जोखमीच्या बाळांसाठी असेच वेळापत्रक दिले: गाईचे दूध एक वर्षानंतर, अंडे दोन वर्षांनंतर, शेंगदाणा, इतर कठीण कवचाची फळे व मासे तीन वर्षांनंतर.

हा सल्ला दुष्ट हेतूने दिलेला नव्हता. जे बाधते ते दूर ठेवावे, हे कोणालाही पटेल. परंतु त्यामागचा पुरावा तोकडा होता. अमेरिकेत एका प्रयोगात आयांना व बाळांना असे पदार्थ वर्ज्य करून पाहिले होते. पहिल्या वर्षी थोडा लाभ दिसला, पण तीच मुले सात वर्षांची झाल्यावर १९९५ साली पाहिले तर दोन गटांत फरक उरला नव्हता. तरीही सल्ला निघाला, आणि जो सल्ला जोखमीच्या बाळांसाठी होता तो हळूहळू सगळ्याच घरांनी उचलला.

परिणाम काय झाला? अमेरिकेत दूरध्वनीवरून केलेल्या पाहण्यांत १९९७ साली शंभरांत ०.४ मुलांना दाण्याचे वावडे असल्याचे घरच्यांनी सांगितले. २००२ साली हा आकडा ०.८ झाला आणि २००८ साली १.४. दाणा टाळण्याचा सल्ला चालू असताना वावडे तिपटीहून वाढले. ही वाढ केवळ त्या सल्ल्याने झाली असे म्हणता येणार नाही. पण सल्ल्याने ती थांबली नाही, एवढे निश्चित. या साऱ्यात आईच्या मनाचे काय झाले असेल याचा विचार आपण बायकांनीच करायला हवा. मुलाला वावडे निघाले की ती स्वतःलाच विचारणार, ‘पोटुशी असताना मी दाणे खाल्ले म्हणून तर नाही?’ जो दोष तिचा नव्हताच, तो तिच्या पदरी पडला.

येथे गिडिऑन लॅक यांचे नाव येते. लंडनचे हे बालरोगतज्ज्ञ इस्राएलमध्ये व्याख्यानाला गेले असता त्यांनी समोरच्या डॉक्टरांना विचारले की दाण्याचे वावडे असलेले मूल आपल्यापैकी कितीजणांनी पाहिले आहे? इंग्लंडात अशा सभेत बहुतेक सगळे हात वर गेले असते. तेथे जेमतेम दोन-तीन गेले. चौकशी केली तेव्हा कळले की तेथील बाळे दात येण्याच्या वयापासूनच ‘बांबा’ नावाचा, तोंडात विरघळणारा, मक्याचा व शेंगदाण्याचा खाऊ चघळत असतात.

लॅक यांनी ही गंमत म्हणून सोडून दिली नाही. लंडनमधील आणि इस्राएलमधील ज्यू मुलांची, दोन्हीकडे पाच-पाच हजारांहून अधिक, त्यांनी व सहकाऱ्यांनी पाहणी केली. वंश साधारण एकच, देश दोन. २००८ साली निष्कर्ष छापून आला: इंग्लंडात शंभरांत १.८५ मुलांना दाण्याचे वावडे, इस्राएलमध्ये ०.१७. दहा पटींहून अधिक फरक! त्याच वर्षी अमेरिकेच्या अकादमीने मान्य केले की घन आहार चार-सहा महिन्यांपलीकडे लांबविल्याने वावडे टळते असा खात्रीचा पुरावा नाही. पुढच्या वर्षी इंग्लंडनेही जुना सल्ला मागे घेतला.

परंतु दोन देशांत इतरही फरक असतात. म्हणून लंडनला खरा प्रयोग झाला. चार ते अकरा महिन्यांची ६४० बाळे घेतली. सगळी जोखमीची, कोणाला तीव्र इसब, कोणाला अंड्याचे वावडे. ज्यांच्या त्वचेच्या चाचणीत मोठी गांध उठली त्यांना प्रयोगात घेतलेच नाही. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाने पाच वर्षांपर्यंत दाणा वर्ज्य करायचा. दुसऱ्याने आठवड्याला निदान तीनदा मिळून सहा ग्रॅम दाण्याचे प्रथिन, म्हणजे साधारण पंचवीस ग्रॅम दाणे, खायचे. पहिला घास दवाखान्यात, डॉक्टरांच्या देखत. २०१५ साली निकाल लागला. आरंभी चाचणीत काहीही न उठलेल्या बाळांपैकी, दाणा टाळणाऱ्यांत पाचव्या वर्षी शंभरांत १३.७ मुलांना वावडे झाले होते, आणि खाणाऱ्यांत केवळ १.९. ज्यांना आरंभी लहानशी गांध उठली होती त्यांच्यातही टाळणाऱ्यांत ३५.३ आणि खाणाऱ्यांत १०.६. ही मुले बारा-तेरा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली, तेव्हाही लाभ टिकून होता, असे २०२४ साली प्रसिद्ध झाले. जपानमध्ये इसब असलेल्या बाळांना सहाव्या महिन्यापासून शिजवलेल्या अंड्याची भुकटी अगदी थोडी थोडी देऊन पाहिली. २०१७ साली आलेल्या त्या निकालाचे सारही तेच.

असे का व्हावे? १९११ सालच्या त्या नोंदीत याचे बीज होते. लॅक यांच्या मते अन्नाची शरीराशी भेट दोन दारांनी होते. एक दार तोंडाचे. त्यातून आलेल्याशी आतडे ओळख करून घेते. दुसरे दार फुटलेल्या, इसबाने चिघळलेल्या त्वचेचे. त्यातून शिरलेल्याला शरीर चोर समजते. घरात दाण्याचा अंश हवेत, हातांवर, पांघरुणावर असतोच. बाळाच्या तोंडात दाणा जाऊ द्यायचा नाही असे ठरवले, की पुढचे दार बंद आणि मागचे उघडे, अशी गत होते. शेंगदाण्याचे तेल असलेली मलमे चिघळलेल्या त्वचेला लावलेल्या बाळांत हे वावडे अधिक आढळते, हे त्यांनी २००३ सालीच दाखवले होते.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्याकडे दाण्याचे कूट कोशिंबिरीत, उसळीत, उपासाच्या खिचडीत रोजचेच. उष्टावण झाले की मूल आजीच्या मांडीवर बसून तिच्या ताटातले बोटभर चाटत असते. म्हणून ‘आमच्या आज्यांना हे ठाऊकच होते’ असे म्हणण्याचा मोह होतो. मला मात्र तसे म्हणवत नाही. त्याच आज्या नवजात बाळाला मधाचे बोट चाटवीत, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये हे आज निश्चित ठरले आहे, कारण त्यातील जंतूंमुळे बाळ लुळे पडू शकते. रूढीही तपासून घ्यावी लागते आणि तज्ज्ञांचा सल्लाही.

आपल्याकडे आणखी एक धोका वाढतो आहे. रक्ताच्या एका तपासणीत वीस-पंचवीस पदार्थांची यादी येते आणि तेवढे सगळे मुलाच्या ताटातून वगळले जातात. बंगळूर व म्हैसूर येथील प्रौढांच्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत रक्ततपासणीत खूण आढळलेली माणसे शंभरांत २६.५ होती, खाल्ल्यावर खरोखर त्रास होणारी मात्र सुमारे १.२. कागदावरची खूण म्हणजे वावडे नव्हे. डाळ, दूध, अंडे, दाणा असे सारे काढून घेतले तर वाढत्या मुलाने वाढावे कशावर?

तेव्हा घरोघरी ध्यानात ठेवण्याजोग्या गोष्टी अशा. सहा महिने केवळ आईचे दूध. त्यानंतर मऊ भात, वरण, पेज यांबरोबरच घरात जे खाल्ले जाते ते एकेक करून, थोडे थोडे, बाळाच्या ओळखीचे करावे, आणि एकदा रुचले की आठवड्यातून दोन-तीनदा देत राहावे. दाणा अख्खा कधीही देऊ नये. पाच वर्षांखालील मुलाच्या श्वासनलिकेत तो अडकू शकतो. म्हणून अगदी बारीक कूट पेजेत कालवून द्यावे. बाळाला तीव्र इसब असेल किंवा अंड्याने त्रास झाला असेल, तर पहिला दाणा डॉक्टरांना विचारूनच. वावडे एकदा सिद्ध झालेल्या मुलावर मात्र घरी प्रयोग नको. खाल्ल्यावर ओठ सुजले, आवाज बसला, श्वास लागला, मूल मलूल झाले, तर घरगुती उपायात वेळ न दवडता तडक रुग्णालय गाठावे.

अमेरिकेत २०१७ साली नवे नियम आल्यानंतर तीन वर्षांखालील मुलांत दाण्याच्या वावड्याचे निदान पूर्वीच्या तुलनेत चाळीस टक्क्यांहून अधिक घटले, असे २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. एका डॉक्टराने भरसभेत विचारलेल्या साध्या प्रश्नाचे हे फळ. आपल्या मंडळात डोहाळजेवणे होतात, उष्टावणाला बोलावणी येतात. अशा वेळी ओटीबरोबर या चार गोष्टीही त्या पोरीच्या कानावर घालाव्यात, आणि तिच्या मुलाला वावडे निघालेच तर ‘तू काय खाल्ले होतेस?’ असे तिला कोणी विचारू नये, एवढी माझी सर्व भगिनींना विनंती आहे.