डहाणू-तलासरी : किनारी पाणलोटांचे संरक्षण

पालघर जिल्ह्याच्या वायव्य टोकाला असलेल्या डहाणू व तलासरी या तालुक्यांत डोंगरउतारापासून खाडीमुखापर्यंतचे पाणी, जंगल आणि जमीन राखण्यासाठी ग्रामसभा, मच्छीमारांच्या व बागायतदारांच्या संघटना, पर्यावरण गट आणि शासकीय यंत्रणा यांनी गेल्या साडेतीन दशकांत केलेले काम. केंद्र सरकारची १९९१ ची अधिसूचना आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये नेमलेले प्राधिकरण हे या कामाचे दोन मुख्य आधार आहेत. येथील सहकार्य आपखुशीचे थोडे आणि न्यायालयाने घडवून आणलेले जास्त, हे सुरुवातीलाच नोंदवले पाहिजे. दोन्ही तालुके १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते.

भूरचना व पाणी : पूर्वेला गंभीरगड, महालक्ष्मीचा सुळका, बारडा डोंगर अशा टेकड्या, मध्ये भातखाचरे व वारली, कोकणा, धोडिया, दुबळा, कातकरी यांचे पाडे, आणि पश्चिमेला चिकूच्या वाड्या, खाजणे, तिवरे व मच्छीमार गावे, असा हा उतरता प्रदेश आहे. सूर्या नदी डहाणूच्या पूर्व व दक्षिण भागातून वाहत पुढे वैतरणेला मिळते. वरोळी तलासरीतून गुजरातेत शिरते आणि संजाणवरून समुद्र गाठते. उरलेले ओहळ व लहान नद्या थेट खाड्यांत उतरतात. खडक काळा बसाल्ट, त्यावर मातीचा थर पातळ. म्हणून पाऊस भरपूर पडूनही पाणी ठरत नाही आणि फेब्रुवारी-मार्चपासून पाड्यांवरच्या विहिरी तळ गाठू लागतात. उतारावरची झाडे गेली की माती ओहळात येते, ओहळातून खाडीत जाते आणि खाडी उथळ होते. खाडीत शिवल्या, कालवे, निवट्या वेचणाऱ्या बायकांना त्याचा हिशेब कोणी समजावून सांगावा लागत नाही. किनाऱ्यालगतच्या बागायतीचे दुखणे वेगळे आहे. तेथे गोड्या पाण्याचा उपसा वाढला की समुद्राचे पाणी आत सरकते आणि विहिरी मचूळ होतात. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला डहाणू-घोलवडचा चिकू अशाच विहिरींवर उभा आहे.

डोंगर आणि समुद्र यांना जोडणारी आणखी एक वाट माणसांची आहे. भातकापणी उरकली की डहाणू-तलासरीतील आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि तरुण खलाशी म्हणून गुजरातच्या बंदरांतील मासेमारी बोटींवर चढतात. पाकिस्तानच्या तुरुंगात अडकलेल्या भारतीय मच्छीमारांत या डोंगरपाड्यांवरचे खलाशीही असतात. समुद्र खराब झाल्याचा फटका फक्त किनाऱ्यावरच्या मांगेला मच्छीमारांना बसतो, ही समजूत म्हणूनच अपुरी आहे.

१९९१ ची अधिसूचना : बीएसईएस कंपनीच्या ५०० मेगावॉट क्षमतेच्या कोळशावरील औष्णिक वीजकेंद्राला केंद्राने मार्च १९८९ मध्ये पर्यावरणविषयक मंजुरी दिली. जागा डहाणूच्या खाडीलगतची होती. बागायतदार व स्थानिक पर्यावरणवादी ‘डहाणू तालुका एन्व्हायर्न्मेंट प्रोटेक्शन ग्रुप’ या नावाने आधी मुंबई उच्च न्यायालयात व नंतर सर्वोच्च न्यायालयात गेले आणि दोन्हीकडे हरले. सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९९१ मध्ये प्रकल्प रोखण्यास नकार दिला. मंजुरीसोबतच्या अटी मात्र पाळल्या गेल्या पाहिजेत असे सांगितले. या पराभवानंतर तीनच महिन्यांनी, २० जून १९९१ रोजी, केंद्राच्या पर्यावरण व वन मंत्रालयाने संपूर्ण डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर केला. वीजकेंद्र १९९५ मध्ये सुरू झाले. पुढे ते रिलायन्सकडे आणि त्यानंतर अदानी समूहाकडे गेले.

अधिसूचनेने उद्योगांची हिरवा, नारिंगी व लाल अशी वर्गवारी केली. लाल वर्गातील घातक उद्योगांना तालुक्यात बंदी घातली, उद्योगांखालील एकूण जमीन ५०० एकरांपुरती बांधली आणि जमिनीच्या वापरात बदल करण्यावर निर्बंध आणले. मूळ अधिसूचनेत तालुक्याच्या सीमेबाहेर २५ किलोमीटरचा उद्योगमुक्त पट्टा राखण्याचीही अट होती. १९९९ मध्ये अधिसूचनेत दुरुस्ती झाली. पाणलोटाच्या दृष्टीने अधिसूचनेचे वेगळेपण हे की ती एखादे अभयारण्य किंवा किनाऱ्याची पट्टी तोडून काढत नाही. डोंगर, शेत, वाडी व खाडी ती एकाच नियमाखाली आणते. उणीवही त्यातच आहे. तिची सीमा महसुली तालुक्याची आहे आणि नद्यांना ती ठाऊक नाही. वरोळीचे तलासरीतील खोरे अधिसूचित तालुक्याबाहेर राहिले. त्याला २५ किलोमीटरच्या अटीचा काय तो आडोसा मिळाला.

डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण : अधिसूचना निघाली, पण तिची अंमलबजावणी होईना. ‘सँक्च्युअरी’ मासिकाचे संपादक बिट्टू सहगल यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने म्हणजे ‘नीरी’ने तालुक्याच्या धारणक्षमतेचा अभ्यास करून शिफारशी दिल्या. त्या अमलात आणण्यासाठी उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र प्राधिकरण नेमावे, असा आदेश न्यायालयाने ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी दिला. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली १९ डिसेंबर १९९६ रोजी ते अस्तित्वात आले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे पहिले अध्यक्ष झाले आणि ३ जानेवारी २०१९ रोजी निधन होईपर्यंत, बावीस वर्षे, त्या पदावर राहिले. दादा धर्माधिकारींचे हे चिरंजीव गांधीविचारात वाढलेले होते. प्रकल्पवाल्यांच्या अहवालांइतकेच महत्त्व त्यांनी डहाणूच्या मच्छीमाराच्या व आदिवासीच्या तोंडी म्हणण्याला दिले.

प्राधिकरणाची खरी ताकद त्याच्या रचनेत होती. अध्यक्ष न्यायाधीश, सदस्य वेगवेगळ्या विषयांचे जाणकार, अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाच्या व खात्यांच्या हाती, आणि तक्रार घेऊन येण्याची मुभा कोणालाही. ‘डहाणू तालुका एन्व्हायर्न्मेंट वेल्फेअर असोसिएशन’सारख्या गटांनी ही मुभा पुरेपूर वापरली. कोठे झाडे तुटली, कोठे भराव पडला, कोणत्या कारखान्याने वर्ग बदलून परवाना घेतला, याची माहिती लोकांनी आणायची आणि खात्याला त्याचे उत्तर द्यावे लागायचे. महामार्ग, वायुवाहिनी, मालवाहतुकीचा रेल्वेमार्ग अशा प्रत्येक मोठ्या कामाला प्राधिकरणाची परवानगी लागू लागली. तिच्यासोबत झाडे लावण्याच्या व पाण्याचे मार्ग मोकळे ठेवण्याच्या अटी येत. खुद्द केंद्रीय मंत्रालयाला ही व्यवस्था फार काळ रुचली नाही आणि प्राधिकरण गुंडाळावे म्हणून त्याने न्यायालयाकडे अर्जही केला. प्राधिकरण तरीही टिकले.

दोन निर्णय विशेष गाजले. पहिला गंधकाचा. वीजकेंद्राच्या धुरातील सल्फर डायऑक्साइड काढणारी यंत्रणा बसवावी, असा आदेश प्राधिकरणाने १९९९ मध्ये दिला. मंजुरीच्या वेळीच घातलेली ही अट कंपनी टाळत होती. टाळाटाळ चालूच राहिल्याने २००५ मध्ये ३०० कोटी रुपयांची बँक हमी मागण्यापर्यंत वेळ आली. यंत्रणा २००७ मध्ये चालू झाली. समुद्राच्या पाण्याने धूर धुण्याची ही पद्धत आहे. चिकूचा मोहर गळतो अशी बागायतदारांची तक्रार त्याआधी बरीच वर्षे होती. एका अटीच्या पूर्ततेला मंजुरीपासून अठरा वर्षे लागली, ही गोष्ट यंत्रणा बसल्याच्या समाधानाइतकीच ध्यानात ठेवण्यासारखी आहे. दुसरा निर्णय वाढवण बंदराचा. तो पुढे येईल.

पाड्यांवरचे काम : प्राधिकरणाच्या सुनावण्या वर्तमानपत्रांत आल्या. वरच्या पाणलोटातील काम तुलनेने न गाजणारे आहे, आणि त्यात लोक व सरकार यांची सांगड पुष्कळदा अधिक सरळ आहे. दोन्ही तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत येतात. त्यामुळे अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा व त्याचे २०१४ चे राज्य नियम येथे लागू आहेत आणि एखाद्या पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा मागता येते. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी थेट अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींकडे येतो; जलसंधारण व वनसंवर्धन त्याच्या वापराच्या यादीत आहे. वनहक्क कायद्याचे (२००६) कलम ५ तर ग्रामसभेला लगतचे पाणलोट व जलस्रोत राखण्याचा अधिकारच देते. वैयक्तिक दाव्यांच्या गर्दीत या कलमाकडे दुर्लक्ष होते. डहाणूत १९७८ मध्ये सुरू झालेली कष्टकरी संघटना, आणि १९४५ च्या वारल्यांच्या उठावापासून तलासरीत रुजलेली किसान सभा, यांनी जमीन व जंगलाच्या हक्कासाठी दिलेल्या लढ्यांशिवाय येथे ग्रामसभेचा शब्द कोणी मानला असता, असे वाटत नाही. त्या उठावाची ठिणगी तलासरीतील झरी गावच्या सभेत पडली होती.

प्रत्यक्ष कामांत वनराई बंधारा सर्वांत जास्त दिसतो. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती व वाळू भरून ओहळाला आडव्या रचायच्या. गोण्या व मार्गदर्शन कृषी विभागाचे, हात गावकऱ्यांचे आणि शाळा-महाविद्यालयांतील मुलांचे. खर्च नगण्य. पाणी काही महिने अडते. हरभरा, वाल, थोडा भाजीपाला निघतो आणि खालच्या विहिरींना पाझर मिळतो. पहिल्या पुरात बंधारा वाहून जातो, म्हणून तो दरवर्षी नव्याने घालावा लागतो. अडचण वेळेची आहे. पावसाचे पाणी ओसरून ओहळ बारीक झाला की बंधारा घालायचा, आणि नेमके त्याच सुमारास, दिवाळीनंतर, पाडे रिकामे होऊ लागतात. रोजगार हमीची कामे वेळेत निघाली तर माणसे थांबतात; मजुरी उशिरा मिळाली की पुढल्या वर्षी थांबत नाहीत. जलयुक्त शिवार अभियानाखाली (२०१४ पासून) समतल चर, मातीचे व सिमेंटचे बांध, गाळ काढणे अशी कामे झाली. ज्या कामाची जागा गावाने सुचवली, त्याची डागडुजी गाव करते. कंत्राटदाराने बांधलेल्या बांधाची गळती मात्र सरकारची समजली जाते.

खाडी व तिवरे : मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशानंतर महाराष्ट्रात तिवरांच्या तोडीला व त्यांच्याभोवती ५० मीटरच्या आत बांधकामाला बंदी आली. २०१२ मध्ये वनखात्याचा कांदळवन कक्ष स्थापन झाला. डहाणूत वनविभाग व ‘वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन अँड ॲनिमल वेल्फेअर असोसिएशन’ ही स्थानिक संस्था मिळून समुद्री कासवांचे उपचार केंद्र चालवतात. पावसाळी वाऱ्यांत जखमी कासवे किनाऱ्याला लागतात. कित्येकांचे पर जाळ्याच्या दोरांनी कापलेले असतात. किनाऱ्यावरची माणसे कळवतात, संस्थेचे कार्यकर्ते उचलून आणतात आणि बरे झालेले कासव वनविभागाच्या देखरेखीखाली पुन्हा समुद्रात जाते. जाळे कापून संरक्षित प्राणी सोडणाऱ्या मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची राज्य योजना डिसेंबर २०१८ पासून आहे. तलासरीचा समुद्राशी संबंध झाईच्या किनाऱ्यापुरता आहे.

तालुक्याच्या सीमेपलीकडे : संरक्षणाची सीमा आणि पाण्याची सीमा जुळत नाही, याची उदाहरणे चहूकडे आहेत. सूर्या प्रकल्पाचे धामणी धरण आदिवासी भागातील सिंचनासाठी झाले. आता त्यातून दिवसाला ४०३ दशलक्ष लिटर पाणी वसई-विरार व मीरा-भाईंदर या शहरांना देण्याची योजना आहे, आणि कालव्याच्या शेवटाकडील शेतकरी त्याला विरोध करत आले आहेत. तलासरीतील कुर्झे धरण दापचरीच्या दुग्ध प्रकल्पासाठी बांधले गेले. दक्षिणेला, पालघर तालुक्यात, तारापूरच्या कारखान्यांचे सांडपाणी खाडीत व समुद्रात जाते. त्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे धाव घेतली आणि लवादाने २०२२ मध्ये कारखान्यांवर मोठी भरपाई बसवली. समुद्रातला प्रवाह तालुका ओळखत नाही, त्यामुळे हा खटला डहाणूच्या मच्छीमारांचाही होता.

वाढवण : डहाणू तालुक्यातील वाढवणच्या खडकाळ किनाऱ्यावर बंदर बांधण्याचा ‘पी अँड ओ’ या परदेशी कंपनीचा व राज्य शासनाचा प्रस्ताव १९९७ मध्ये आला. मच्छीमार, बागायतदार, आदिवासी, दागिन्यांचे साचे घडवणारे डायमेकर अशा सर्वांचे म्हणणे ऐकून प्राधिकरणाने सप्टेंबर १९९८ मध्ये तो अधिसूचनेत न बसणारा, म्हणून बेकायदा ठरवला. मासळीच्या पैदाशीला उपयोगी पडणारी खडकांतली डबकी आणि किनाऱ्याचा नैसर्गिक बांध हा विरोधाचा गाभा होता. जवाहरलाल नेहरू बंदर व महाराष्ट्र सागरी मंडळ यांनी २०१५ नंतर तोच प्रस्ताव नव्या रूपात आणला. त्यांचा भागीदारीचा वाटा ७४ व २६ टक्के. आता बंदर किनाऱ्यापासून आत समुद्रात, सुमारे १,४४८ हेक्टर भराव टाकून उभारायचे आहे. २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने बंदरांना बिगर-औद्योगिक ठरवले आणि अधिसूचनेतील लाल वर्गाची अट बाजूला पडली. धर्माधिकारींनंतर पुन्हा नेमलेल्या प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी अटींसह ना-हरकत दिली. उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये विरोधातील याचिका फेटाळल्या, जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे ७६,२०० कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर केला आणि ३० ऑगस्टला पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. बंदरविरोधी संघर्ष समिती व मच्छीमार संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. एकाच अधिसूचनेखाली एकाच प्राधिकरणाने पंचवीस वर्षांच्या अंतराने दोन उलट निर्णय दिले. दरम्यान अधिसूचनेचा मजकूर फारसा बदलला नव्हता. बदलली ती उद्योगांची यादी. भरावासाठी लागणारी वाळू दमणलगतच्या समुद्रातून आणि दगड पालघर जिल्ह्यातील खाणींतून आणण्याचे नियोजन आहे.