नागोयाहून एडवणपर्यंत : एका जपानी वाद्याची कथा

जपानी वाद्यसंगीत ऐकावयाचें असेल तर आरंभ कोठून करावा, असा प्रश्न परवां माझ्या नातीनें मला विचारला. आजोबा शाळामास्तर होते, तेव्हां त्यांस सर्व कांहीं ठाऊक असलें पाहिजे, अशी तिची समजूत! मीं उत्तर दिलें, "आपल्या एडवणच्या हळदीपासून." तिला ती थट्टा वाटली. परंतु मीं थट्टा केली नव्हती, आणि तें कसें हें सांगण्यासाठींच आज आपणांपुढें बोलत आहें.

पालघर-वसईच्या किनाऱ्यावर हळदीच्या रात्रीं, वरातींत अथवा गणपतीच्या मिरवणुकींत जें वाद्य अग्रभागीं वाजतें त्यास आपण बँजो म्हणतों. हें नांव उसनें आहे. खरा बँजो अमेरिकेंतला. त्याचें मूळ आफ्रिकेंतून गुलाम करून नेलेल्या लोकांच्या वाद्यांत सांपडतें, आणि त्याच्या तोंडावर कातडें ताणलेलें असतें. आपल्या बँजोस कातडें नाहीं, लांब मानही नाहीं. एक लांबट पेटी, तीवर तारा, आणि तारांवर टंकयंत्रासारखी कळांची रांग. डाव्या हाताच्या बोटानें कळ दाबली म्हणजे तार खालच्या पडद्यावर टेकते, तिची कंप पावणारी लांबी घटते व स्वर चढतो; उजव्या हातांतील नखीनें तार छेडावयाची. कांहीं तारा गाण्याच्या, कांहीं नुसत्या साथीस गुंजणाऱ्या. बाजारांत ह्यासच बुलबुलतरंग असें गोड नांव आहे.

हें वाद्य जपानांतील नागोया शहरीं १९१२ सालीं मोरिता गोरो यांनीं तयार केलें. दोन तारांच्या कोतोचे ते जाणकार. टंकयंत्राच्या कळा जुन्या तंतुवाद्यास जोडण्याची कल्पना त्यांस पाश्चात्य देशांच्या प्रवासानंतर सुचली, असें सांगतात. त्याच वर्षीं जपानांत ताइशो राजवट सुरू झाली, म्हणून वाद्याचें नांव ताइशोगोतो, म्हणजे ताइशो काळचा कोतो. कोतो शिकावयाचा तर गुरु हवा, वर्षें हवींत, पदरीं पैसा हवा. हें वाद्य स्वस्त. आणि कळांवर आंकडे असल्यानें आंकड्यांच्या स्वरलिपीवरून घरबसल्या शिकतां येण्यासारखें.

मुंबईचा कापूस जपानास नेण्यासाठीं १८९३ पासून कोबे-मुंबई अशी जपानी आगबोटींची फेरी सुरू झाली होती. व्यापाराची वाट अशी मोकळी झालेली असतां, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत हें वाद्यही आपल्याकडे आलें. बलुचिस्तानांत त्याचें अंग वाढलें आणि तें बेंजू झालें. बाली बेटांतही तें जाऊन रुजलें. आपल्या किनाऱ्यावर ढोल-ताशांच्या गजरांत त्याचा नाजूक आवाज बुडून जाई, म्हणून त्यास विजेची जोड मिळाली.

येथें मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. शाळेच्या स्नेहसंमेलनांत मच्छीमारांच्या आळींतील एका विद्यार्थ्यानें बँजो वाजविण्याची परवानगी मागितली होती. "हें वरातींतलें परदेशी वाद्य; येथें नको. पेटी वाजव," असें मीं त्यास सांगितलें. मुलगा कांहीं बोलला नाहीं. संमेलनासही आला नाहीं. आतां पेटी तरी कोठली आपली? तिचें पेटंट पॅरिस येथें १८४२ सालीं दबँ नांवाच्या कारागिरानें घेतलें. आणि आपल्या संगीतास ती जुळत नाहीं म्हणून ऑल इंडिया रेडिओनेंच १९४० पासून सुमारें तीन दशकें तिला ध्वनिगृहाबाहेर ठेवलें होतें. मीं तिला सोवळी ठरविली आणि बँजोस ओंवळा. त्या मुलाच्या घरीं पेटी घेण्याची ऐपत नव्हती, हें मला फार उशिरां कळलें.

आतां नातीच्या मूळ प्रश्नाकडे वळतों. कोतो आणि शाकुहाची हीं दोन वाद्यें प्रथम एकत्र ऐकावीं. शाकुहाची ही उभी धरून वाजविण्याची बांबूची बांसरी. पुढें चार व मागें एक अशीं तिला पांच भोकें. श्वासाची खरखर तींत दोष मानीत नाहींत, उलट मुद्दाम राखतात. मिचिओ मियागी यांनीं १९२९ सालीं ह्या दोन वाद्यांसाठीं 'हारु नो उमी', म्हणजे 'वसंतांतला समुद्र', ही रचना केली. मियागींची दृष्टि बालपणींच गेली होती. परंतु केळव्याच्या पुळणीवर बसलेल्या माणसास त्यांतली भरती-ओहोटी निराळी समजावून सांगावी लागत नाहीं.

त्यानंतर उत्तर जपानांतील त्सुगारू शामिसेन घ्यावें. तीन तारांचें हें वाद्य दारोदार फिरणाऱ्या अंध वादकांनीं घडविलें; ताकाहाशी चिकुझान (१९१०-१९९८) हे त्यांतले थोर. नखी तारेबरोबर कातड्यावरही आपटते, त्यामुळें वीणा आणि ढोलकी एकदमच वाजत असल्याचा भास होतो. दरबारी गागाकू मात्र सावकाश ऐकावें; पहिल्या खेपेस तें कोणास आवडत नाहीं, मलाही आवडलें नाहीं. बिवा हें वाद्य आपल्या सरस्वतीच्या जपानी रूपाच्या, बेन्झाइतेनच्या, हातीं असतें. नारा येथील शोसोइन भांडारांत आठव्या शतकापासून जपलेली पांच तारांची बिवा आहे, आणि त्या घाटाचें मूळ हिंदुस्थानांतलें मानतात. त्याच नारा शहरीं ७५२ सालीं महाबुद्धाच्या मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधि बोधिसेन ह्या भारतीय भिक्षूनें केला होता. बिवा, शाकुहाची आणि पाश्चात्य वाद्यवृंद एकत्र ऐकण्याचें धैर्य असेल त्यानें तोरु ताकेमित्सु यांची १९६७ ची 'नोव्हेंबर स्टेप्स' ऐकावी.

शेवटीं ताइशोगोतो. जपानांत तो आजही मंडळ्या जमवून वाजवितात. स्वर मृदु, घरगुती. तो कानांत असतांनाच लग्नसराईंत आमच्या बाजूस या, आणि वरात आली म्हणजे कानांवर हात न ठेवतां गाडीजवळ थांबून वादकाच्या डाव्या हाताकडे पाहा. बोटें कळांवरून इतक्या वेगानें धांवतात कीं कोणती कळ केव्हां दबली हें दिसत नाहीं. परवां मीं असाच उभा होतों; वादक माझा तो जुना विद्यार्थी निघाला. त्यानें मला ओळखलें, मान लवविली, आणि वाजविणें थांबविलें नाहीं.