मागासाठी सोडलेला मुलूख

१८५७च्या उठावानंतर आजच्या उत्तर प्रदेशातील मोमीन विणकरांची अनेक कुटुंबे मुंबई-आग्रा रस्त्याने दक्षिणेकडे निघाली. इंग्रजांची दडपशाही, दुष्काळ आणि विलायती गिरण्यांचे स्वस्त कापड, यांमुळे तिकडे मागावर पोट भरेना. काहीजण मुंबईच्या मदनपुऱ्यात स्थिरावले. तिथे रोजगार होता, पण जागेची टंचाई होती. मोसमकाठच्या मालेगावात माग मांडायला जागा होती, खानदेशचा कापूस जवळ होता आणि लुगड्यांना गिऱ्हाईक होते. कित्येकांनी तिथेच मुक्काम केला. घरात उर्दू टिकली. मागावर मात्र मराठी बायांची नऊवारी आली. मुलूख सुटला, हुन्नर सुटला नाही. स्थलांतराचा हिशेब मजुरी आणि भाड्यावर संपत नाही, हे या विणकरांनी जगून दाखवले.