‘असेल’चा अर्थ : इंग्रजी व्याकरण आणि मराठीतील शक्यतेची भाषा

‘तो आता घरी असेल’ आणि ‘या मंडळाला एक अध्यक्ष असेल’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. पहिल्यात बोलणारा अंदाज करतो. दुसरे वाक्य एखाद्या अधिनियमातले असेल, तर त्यात कायदा आज्ञा करतो. क्रियापदाचे रूप दोन्हीकडे एकच आहे. पहिल्या वाक्यात ‘बहुधा’ हा शब्द घातला तर अंदाज अधिक स्पष्ट होतो. दुसऱ्यात तो घातला तर कायदाच कोसळतो. म्हणजे ‘असेल’चा अर्थ एकट्या प्रत्ययाने ठरत नाही. तो प्रत्यय, त्याच्या सोबतीचे अव्यय आणि वाक्य उच्चारणाऱ्याचा अधिकार या तिन्हींच्या मेळातून तो ठरतो. आपल्या व्याकरणपरंपरेत हा मेळ स्वतंत्र विषय का झाला नाही, आणि त्याची किंमत आपल्या गद्याला कशी मोजावी लागली, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

इंग्रजीत शक्यता, अनुज्ञा, कर्तव्य यांसाठी ‘मे’, ‘कॅन’, ‘मस्ट’, ‘शॅल’ अशी साहाय्यक क्रियापदांची वेगळी फळीच आहे. ही क्रियापदे मुळात स्वतंत्र अर्थाची होती : ‘मे’ म्हणजे बळ असणे, ‘कॅन’ म्हणजे जाणणे, ‘शॅल’ म्हणजे देणे लागणे. पुढे हे अर्थ झिजले आणि वाक्यातील विधानाकडे पाहण्याची वक्त्याची भूमिका दाखविण्याचे काम त्यांच्याकडे आले. लिंडले मरे याच्या १७९५ च्या इंग्रजी व्याकरणात या क्रियापदांचा एक शक्यार्थ मानला गेला. ‘पर्हॅप्स’, ‘पॉसिब्ली’ हे शब्द मात्र क्रियाविशेषणांच्या प्रकरणात, संशयदर्शक या पोटभागात गेले. एकाच वाक्यात खांद्याला खांदा लावून उभे राहणारे शब्द व्याकरणाच्या पुस्तकात अशा रीतीने दोन प्रकरणांत विभागले गेले.

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या मांडणीवर संस्कृताइतकाच, किंबहुना अधिक, इंग्रजी व्याकरणाचा ठसा आहे. शब्दांच्या जाती, त्यांची स्वतंत्र प्रकरणे, क्रियापदाचे ‘अर्थ’ हा सगळा आराखडा शाळांतून रुजला. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ ही नावे आपण आजही पाठ करतो. मोरो केशव दामले यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ या १९११ च्या ग्रंथात रूप आणि अर्थ यांची गल्लत टाळण्याचा मोठा प्रयत्न केला. आख्यातांना अर्थावरून नव्हे तर प्रत्ययावरून नावे देण्याची पद्धत—ताख्यात, लाख्यात, ईलाख्यात, वाख्यात—ही त्या दृष्टीची खूण होय. एक रूप अनेक अर्थ वाहते हे एकदा मान्य केले, की त्यांतला कोणता अर्थ कशाने निवडला जातो हा प्रश्न उभा राहतो. त्या प्रश्नाचे उत्तर मात्र पुष्कळदा ‘कदाचित’, ‘बहुधा’, ‘नक्की’, ‘खचित’ या शब्दांत किंवा नुसत्या ‘च’मध्ये असते, आणि अव्ययांचे प्रकरण तर वेगळे पडलेले.

इंग्रजीतही या मेळाकडे अभ्यासकांचे लक्ष उशिरा गेले. हॅलिडे यांनी १९७० मध्ये आणि त्यांच्या मागोमाग जॉन लायन्स यांनी १९७७ मध्ये दाखविले, की ‘मे’ आणि ‘पॉसिब्ली’ एकत्र आले म्हणजे शक्यतेची शक्यता असा दुहेरी अर्थ होत नाही. एकच शक्यता दोन ठिकाणी उच्चारली जाते. या संवादी जोडीत क्रियापद आणि क्रियाविशेषण एकमेकांना दुजोरा देतात. ‘मे’ आणि ‘सर्टनली’ एकत्र आले तर तसा संवाद राहत नाही. दोन निरनिराळे अभिप्राय एकावर एक चढतात, आणि वाक्य बहुधा अनुज्ञेकडे किंवा सवलतीच्या कबुलीकडे झुकते.

मराठीत ही कसोटी लावली तर काय दिसते? ‘बहुधा गेला असावा’ ही उघड संवादी जोडी आहे : ‘असावा’मध्ये काही खुणांवरून काढलेले अनुमान आहे आणि ‘बहुधा’ त्याला माप देते. ‘नक्की गेला असेल’ अधिक विलक्षण आहे. ‘नक्की’ म्हटल्याने खात्री वाढल्याचा भास होतो. पण नुसत्या ‘तो गेला’पेक्षा हे वाक्य कमी खात्रीचे आहे. ज्याने जाताना पाहिले त्याला ‘नक्की’ म्हणावे लागत नाही. शब्दांचे कुलवृत्तही लक्षात घेण्याजोगे आहे. ‘असेल’, ‘असावा’ ही रूपे मराठीने आपल्या क्रियापदातून घडविली. ‘पाहिजे’ हे ‘पाहणे’चे जुने कर्मणि रूप. ‘कदाचित’ आणि ‘बहुधा’ मात्र संस्कृतातून आले. ‘जरूर’ आणि ‘अलबत’ अरबी-फारसीतून. घरचे प्रत्यय आणि बाहेरून आलेली अव्यये यांनी मिळून मराठीतील निश्चितीच्या पायऱ्या बांधल्या.

हा इतिहास मुख्यतः मुंबई-पुण्याचा झाला. मराठवाड्यात इंग्रजीशी गाठ पडली ती निराळ्या वाटेने. निजामाच्या राज्यात राज्यकारभाराची आणि शिक्षणाची भाषा उर्दू होती. मौलवी अब्दुल हक यांच्याबरोबर अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दू औरंगाबादला आली आणि १९३८ मध्ये दिल्लीला जाईपर्यंत तिचे काम येथून चालले. अब्दुल हक यांनी संपादिलेला मोठा इंग्रजी-उर्दू कोश १९३७ साली या शहरातच छापला गेला. तेव्हा येथल्या शिकलेल्या मराठी माणसाला ‘मे’ आणि ‘पर्हॅप्स’ भेटले ते ‘शायद’ आणि ‘होगा’ यांच्या हातात हात घालून. ‘होगा’लाही भविष्य आणि अंदाज असे दोन्ही अर्थ आहेत, ‘शायद’ आले की मात्र उर्दू वाक्य पुष्कळदा ‘होगा’ सोडून ‘हो’ हे रूप घेते. १९४८ च्या मुक्तीनंतर, १९५० मध्ये मिलिंद महाविद्यालय आणि १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. ज्यांचे वडील उर्दूतून शिकले ती पिढी आता मराठीच्या आधाराने इंग्रजी शिकू लागली. आज छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शहरात शक्यतेची तीन व्याकरणे अशी एकाच घरात नांदली.

याच सुमारास राज्याला मराठीतून कायदा लिहावा लागला. राजभाषा अधिनियम १९६४ चा. इंग्रजी कायद्यातील ‘शॅल’साठी ‘ईल’ आणि ‘मे’साठी ‘करता येईल’ ही योजना रूढ झाली. ‘मे’चे भाषांतर ‘करू शकेल’ असे सरसकट झाले नाही हे महत्त्वाचे, कारण कायदा अधिकार देतो, अंगबळ देत नाही. ‘शॅल’ची ताकद मात्र ‘ईल’मध्ये आपोआप उतरत नाही. अस्पृश्यतेतून उद्भवणारी निःसमर्थता लादणे हा अपराध ठरविणाऱ्या संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदात कोणतेही क्रियाविशेषण नाही. तेथे ‘असेल’ची सक्ती वाचकाने संविधानाच्या अधिकारावरून ओळखायची असते, आणि ती ओळख ज्यांच्या जगण्याशी निगडित आहे, त्यांच्यासाठी हा व्याकरणातला बारकावा नव्हे.

नंतरच्या गद्यात मात्र ‘शकणे’ पसरत गेले. ‘मी पोहू शकतो’ यात कर्त्याचे सामर्थ्य आहे. ‘कदाचित पाऊस पडू शकतो’ यात पावसाचे कसले सामर्थ्य? ‘पाऊस पडेल’, ‘पडावा असे दिसते’, ‘पडण्याचा संभव आहे’ या निरनिराळ्या पायऱ्या एका ‘शकतो’ने सपाट केल्या. हा भ्रष्टाचार आहे असे म्हणण्याचे कारण नाही; सामर्थ्याकडून शक्यतेकडे इंग्रजीतील ‘मे’ही असाच सरकला. परंतु समीक्षेत या सरकण्याला नैतिक बाजू आहे. ‘ही कविता श्रेष्ठ असू शकत नाही’ असे आपण लिहितो तेव्हा आपला निर्णय कवितेची असमर्थता म्हणून तिच्यावर लादतो. ‘ही कविता श्रेष्ठ आहे असे मला म्हणवत नाही’ असे लिहिले, की असमर्थता माझी होते आणि वाद घालायला जागा उरते. ‘म्हणवणे’ यासारखी शक्य क्रियापदे मराठीने हेच भान ठेवून घडविली असावीत.

तेव्हा व्याकरणाच्या अभ्यासक्रमात ‘अर्थ’ आणि ‘अव्यय’ ही प्रकरणे एकत्र वाचली जावीत, एवढी मागणी अवाजवी होणार नाही. कोण किती खात्रीने बोलतो आहे, आणि ती खात्री त्याला कोठून मिळाली, हे विचारण्याची सवय विद्यार्थ्याला वाक्यापासून लागते. आज्ञा आणि अंदाज एकाच ‘असेल’मध्ये राहतात. त्यांची निवड करता न येणारा वाचक आज्ञेला अंदाज समजून सोडून देईल, किंवा कुणाच्या अंदाजाला आज्ञा समजून मान तुकवील.