शून्य-एकवीस

एप्रिल महिन्यात बाल्टिमोरमध्ये एक वाक्य कानावर पडल्याशिवाय दिवस जात नाही: "अजून सुरुवातच आहे." बसमध्ये, कॉफीच्या रांगेत, आमच्या प्रयोगशाळेत, सगळीकडे. बेसबॉलचा सीझन सहा महिने चालतो, प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. त्यामुळे पहिले पाच हरले तरी माणूस म्हणतो, अजून सुरुवातच आहे. दहा हरले तरी तेच म्हणतो, फक्त आवाज जरा बारीक होतो.

मी २०१८ च्या ऑगस्टमध्ये पीएचडीसाठी इथे आले. त्या वर्षी आमचा ओरिओल्स संघ ११५ सामने हरला. पुढच्या वर्षी १०८. नवीन गावात गेल्यावर तिथल्या संघाच्या बाजूने उभं राहायचं हे मला डोंबिवलीतच शिकवलं गेलं होतं, पण हे म्हणजे लग्न करून आल्या आल्या सासरची जमीन लिलावात निघाल्यासारखं झालं. मी एकदा तक्रारीच्या सुरात काही बोलले, तर प्रयोगशाळेतले एक निवृत्तीला आलेले गृहस्थ हसले. म्हणाले, "तू अठ्ठ्याऐंशी पाहिलं नाहीस." घरात जुन्या दुष्काळाची आठवण काढणाऱ्या आजीचा असतो, तोच तो स्वर.

मग मी अठ्ठ्याऐंशी शोधायला लागले. पोस्टडॉकच्या आयुष्यात एक प्रयोग उगवायला तीन दिवस लागतात, त्यामुळे मधल्या वेळात माणूस काहीही वाचू शकतो.

गोष्ट अशी. ओरिओल्स १९८३ साली वर्ल्ड सिरीज जिंकले होते. त्यानंतर उतार सुरू झाला. मालक एडवर्ड बेनेट विल्यम्स हे वॉशिंग्टनचे नामांकित वकील. त्यांनी नवीन पोरं तयार करण्यापेक्षा बाहेरचे, वयाने उतरणीला लागलेले खेळाडू पैसे मोजून आणले. १९८७ मध्ये संघ ९५ सामने हरला. तरीही ४ एप्रिल १९८८ ला, घरच्या मैदानावरच्या पहिल्या सामन्याला, मेमोरियल स्टेडियम गच्च भरलं होतं. पाडव्याला गुढी उभारताना मागच्या वर्षीचं पीक कोण आठवतं? मिलवॉकी ब्रूअर्सनी त्या दिवशी १२-० ने धुतलं.

अजून सुरुवातच होती.

सहा सामने झाले, सहाही हरले. १२ एप्रिलला मॅनेजरला काढून टाकलं. बेसबॉलचा मॅनेजर म्हणजे ऑफिसातला मॅनेजर नव्हे. कोण खेळणार, कोण कधी पिचिंग करणार, सगळं तोच ठरवतो. आपल्याकडचा कोच आणि कॅप्टन एकत्र केले तर जे होईल ते. हे मॅनेजर होते कॅल रिपकेन सीनियर. १९५७ पासून ते याच संस्थेत होते. छोट्या गावांतल्या दुय्यम संघांना शिकवत, उन्हातान्हात बसने हिंडत हिंडत वर आले आणि वयाच्या पन्नाशीत मुख्य संघाची सूत्रं हाती लागली. आणि त्यांची दोन मुलं त्या वेळी याच संघात होती: शॉर्टस्टॉपला कॅल ज्युनियर, शेजारी सेकंड बेसला बिली. बापाला मालकाने घरी पाठवलं आणि त्याच दिवशी दोन्ही मुलं त्याच मालकासाठी टोपी घालून मैदानात उतरली. बिलीने बापाचा ७ नंबर आपल्या पाठीवर घेतला. ज्युनियर गप्प राहिला आणि रोज खेळत राहिला. १९८२ पासून त्याने एकही सामना चुकवला नव्हता, आणि या कारणानेही चुकवला नाही.

नवे मॅनेजर फ्रँक रॉबिन्सन. हे मोठं नाव. १९६६ मध्ये याच संघाला पहिली वर्ल्ड सिरीज जिंकून देणारे, आणि १९७५ मध्ये क्लीव्हलंडला मोठ्या लीगमधले पहिले कृष्णवर्णीय मॅनेजर झालेले. असा माणूस आला म्हटल्यावर गाडं रुळावर येणार असं सगळ्यांना वाटलं. पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? रॉबिन्सन आल्यावरही सातवा, आठवा, नववा, दहावा.

सीझनच्या सुरुवातीला सलग हरण्याचा जुना विक्रम होता १३ सामन्यांचा. वॉशिंग्टनने १९०४ मध्ये केलेला आणि डेट्रॉइटने १९२० मध्ये बरोबरीत आणलेला. आपल्याकडे दुष्काळात तेरावा महिना म्हणतात. ओरिओल्सनी चौदावा आणला, पंधरावा आणला आणि थांबायचं नावच घेईनात. अमेरिकन लीगमध्ये सलग पराभवांचा एकूण विक्रम होता २० चा. २८ एप्रिलला, गतवर्षीच्या विजेत्या मिनेसोटाकडून हरून, तोही मोडला. शून्य विजय, एकवीस पराभव. या एकवीस सामन्यांत त्यांनी धावा केल्या ४४, दिल्या १२९.

इथे माझ्यातली संशोधक जागी झाली. ते वर्ष ओरिओल्सनी ५४ विजय, १०७ पराभव असं संपवलं. म्हणजे पहिले २१ वगळले तर उरलेल्या १४० पैकी ५४ जिंकले. एवढी कुवत असलेला संघ नुसत्या नशिबाने सलग २१ सामने हरण्याची शक्यता काढली, तर ती येते २८ हजारांत एक. हा आकडा मी त्या गृहस्थांना मोठ्या उत्साहाने दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "आम्हाला तेव्हा तसं वाटलं नव्हतं. आम्हाला वाटलं, हे आता असंच चालणार."

तोवर साऱ्या देशाला हा तमाशा कळला होता. राष्ट्राध्यक्ष रेगन तरुणपणी रेडिओवर बेसबॉलचं धावतं वर्णन करत; त्यांनी रॉबिन्सनना फोन करून धीर दिला. रॉबिन्सन यांच्याकडे एक बिल्ला होता, तो ते पत्रकारांना दाखवत. त्यावर लिहिलेल्याचा मतलब असा, की सगळं कसं छान चाललंय, पण आता मला किंचाळायचंय. आणि बॉब रिव्हर्स नावाच्या इथल्या रेडिओ निवेदकाने जाहीर केलं की ओरिओल्स जिंकेपर्यंत मी माईकवरून उठणार नाही. आपल्याकडे देव पाण्यात बुडवून बसतात, याने स्वतःलाच बुडवलं. बिचारा २५८ तास बसला. म्हणजे साडेदहा दिवसांहून जास्त. मधे मधे गाणी लागलेली असताना डुलक्या काढायच्या, पुन्हा उठायचं, पुन्हा हरल्याची बातमी द्यायची.

२९ एप्रिलला सामना होता शिकागोत, व्हाइट सॉक्सशी. संघाचे जनरल मॅनेजर रोलंड हेमंड पूर्वी याच व्हाइट सॉक्सकडे होते. १९८३ मध्ये त्यांचा तो संघ जिंकला तेव्हा खेळाडूंनी त्यांना सुटासकट शॅम्पेनने न्हाऊ घातलं होतं. तो डाग पडलेला सूट त्यांनी पुन्हा अंगावर चढवला आणि मैदानावर येऊन बसले. आपल्याकडे मॅच चालू असताना सोफ्यावरची जागा न सोडणारे काका असतात. त्यांनी हेमंड यांना मनोमन नमस्कार करावा. ओरिओल्स ९-० ने जिंकले. एडी मरेने होमरन मारला, कॅल ज्युनियरची बॅट चालली आणि बॉब रिव्हर्स घरी जाऊन झोपला. (त्याच व्हाइट सॉक्सनी २०२४ मध्ये सलग २१ सामने हरून ओरिओल्सशी बरोबरी केली. विक्रमाला सोबत मिळाली म्हणून इथे बऱ्याच लोकांना बरं वाटलं. मलाही.)

लगेच पुढचे दोन सामने हरले. एक विजय, तेवीस पराभव, असा हिशेब घेऊन संघ २ मे रोजी घरी परतला.

मला ही गोष्ट लिहावीशी वाटली ती यापुढच्या रात्रीमुळे. सोमवार होता. समोर टेक्सासचा संघ, म्हणजे कुणी खास वैरी नव्हे. आणि मेमोरियल स्टेडियमवर आले ५०,४०२ लोक.

हे मी बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग म्हणाले, "आपण वाडेकरला काय केलं ते माहीत आहे ना?" बाबा १९७४ मध्ये शाळेत होते. अजित वाडेकरांच्या संघाने १९७१ मध्ये वेस्ट इंडीज आणि इंग्लंड, दोन्हीकडे जाऊन मालिका जिंकली, तेव्हा मिरवणुका निघाल्या. इंदूरमध्ये सिमेंटची भलीमोठी बॅट उभी राहिली. तीन वर्षांनी तोच कर्णधार इंग्लंडमध्ये ३-० ने हरला, लॉर्ड्सवर संघ ४२ धावांत गुंडाळला गेला, आणि लोकांनी त्या बॅटीची विटंबना केली. वाडेकर पुन्हा कसोटी खेळले नाहीत. "आम्ही पोरंसुद्धा काहीबाही ओरडत होतो," बाबा म्हणाले. "मोठी माणसं ओरडत होती म्हणून."

तेव्हा मला वाटलं, बाल्टिमोरचे लोक आपल्यापेक्षा समजूतदार. पण इतका सरळ निष्कर्ष निघाला की मी सावध होते, आणि थोडं मागे गेल्यावर चित्र बदललं. २८ मार्च १९८४ च्या रात्री, हिमवर्षाव होत असताना, या शहराचा फुटबॉल संघ कोल्ट्स ट्रकमध्ये सामान भरून इंडियानापोलिसला निघून गेला. राज्य सरकार कायदा करून संघ ताब्यात घेईल या धास्तीने मालकाने रातोरात कारभार उरकला. सकाळी लोक उठले तेव्हा संघ गावात नव्हता. त्या वेळचे महापौर विल्यम डोनाल्ड शेफर १९८८ मध्ये गव्हर्नर होते. बेसबॉलचे मालक विल्यम्स वॉशिंग्टनचे, आणि वॉशिंग्टनला तेव्हा स्वतःचा बेसबॉल संघ नव्हता. १९७९ मध्ये त्यांनी ओरिओल्स विकत घेतल्यापासून इथे प्रत्येकाच्या पोटात तोच गोळा होता.

म्हणजे २ मेला आलेले पन्नास हजार लोक काही निव्वळ क्षमाशील नव्हते. ज्यांच्या घरातून एकदा एक गेलं आहे, त्यांना उरलेल्याचे नखरे चालतात. हरा, पण इथे हरा.

त्या रात्री मैदानावर शेफर यांनी जाहीर केलं की विल्यम्स नव्या स्टेडियमसाठी दीर्घ मुदतीच्या करारावर राजी झाले आहेत. ओरिओल्स बाल्टिमोरमध्येच राहणार. आमचे गृहस्थ त्या रात्री तिथे होते, पंचविशीतले. ते सांगतात, त्या घोषणेला जेवढा आवाज झाला तेवढा १९८३ मध्येही झाला नसेल. सामना ९-४ ने जिंकला, पण ते त्यांना विचारल्याशिवाय आठवत नाही. विल्यम्स तेव्हा कर्करोगाने आजारी होते, ऑगस्टमध्ये वारले. १९९२ मध्ये कॅम्डन यार्ड्सचं स्टेडियम उघडलं, ते त्यांनी पाहिलं नाही.

कॅल सीनियर मात्र १९८९ मध्ये परतले. मॅनेजर म्हणून नव्हे. थर्ड बेसच्या कोचची जुनी जागा त्यांनी पुन्हा घेतली, ज्यांनी काढलं त्यांच्याकडेच, दोन मुलांच्या सोबतीने. त्या वर्षी संघ ८७ सामने जिंकला आणि शेवटच्या शनिवार-रविवारपर्यंत शर्यतीत राहिला. (वाडेकरही नव्वदच्या दशकात भारतीय संघाचे मॅनेजर होऊन परतले, हे बाबांनी मला आवर्जून सांगितलं.)

मेमोरियल स्टेडियम आता नाही. २००१-०२ मध्ये पाडलं. माझ्या बसच्या वाटेवर, तेहतिसाव्या रस्त्यावर, त्या जागी वाय-एम-सी-ए आहे आणि ज्येष्ठांसाठी घरं आहेत. शेजारी मुलांसाठी बेसबॉलचं मैदान आहे. ते कॅल सीनियर यांच्या नावाच्या, त्यांच्या मुलांनी काढलेल्या फाउंडेशनने बांधून दिलं. गेल्या आठवड्यात मी तिथे उतरून कुंपणापाशी थोडा वेळ उभी राहिले. आठ-नऊ वर्षांची पोरं खेळत होती. एका बाजूचे सपाटून हरत होते, आणि त्यांचा कोच टाळ्या वाजवत ओरडत होता की अजून सुरुवातच आहे. फळ्यावर पाहिलं तर शेवटची इनिंग चालू होती.